मागे चढवले, पुढे झिजले

फूटभर लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड अशी शहाबादी फरशी साधारण सहा किलो भरते. चुनखडीची घनता ठाऊक असली की हा हिशेब कागदावरच होतो, तराजू लागत नाही. आता १.७ टन क्षमतेची बोलेरो पिकप डोळ्यांसमोर आणा. तिचा हौदा नऊ फुटांच्या आसपास लांब आणि साडेपाच फुटांच्या आसपास रुंद, म्हणजे जवळपास पन्नास चौरस फुटांचा. त्यात फरशीचा एक थर अंथरला की तीनशे किलो झाले. सहावा थर पुरा होण्याच्या आत कंपनीने ठरवलेली मर्यादा संपते. हौद्याच्या तळाशी सहा इंचही दगड दिसत नाही, वर सगळी जागा मोकळी, आणि गाडी मात्र भरलेली!

हीच गाडी तुरीने भरली तर १.७ टन माल दीड फुटापर्यंत येतो. कडबा भरला तर पेंढ्या टपाच्याही वर जातात, रस्त्यावरच्या माणसाला वाटते आता ही उलटणार, पण काट्यावर वजन टनभरही भरत नाही. कलबुर्गी जिल्ह्यात हे तिन्ही माल रोजचे आहेत. शहाबाद आणि चित्तापूरकडची फरशी, बाजार समितीत येणारी तूर (‘गुलबर्गा तूर डाळ’ या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले) आणि जनावरांसाठी निघालेला कडबा. शिवाय उन्हाळ्यात हौद्यावर प्लास्टिकच्या टाक्या चढतात. दोन हजार लिटर पाणी म्हणजे नेमके दोन टन, आणि तेही स्थिर न बसणारे. वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि टाकी अर्धी असेल तर जास्तच धावते.

डोळ्याला रिकामी दिसणारी गाडी आणखी भरावीशी वाटणे साहजिक आहे. मग मागचे टायर मडगार्डला टेकायला लागतात, खड्ड्यात चेसिस एक्सलवर आपटते, आणि चालक गाडी पाटेवाल्याकडे नेतो. तिथे मागच्या कमानीत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक-दोन पाटे वाढवले जातात. गाडीची मागची बाजू दोन-तीन इंच वर येते. काम दुपारपर्यंत उरकते आणि खर्चही फार नसतो. त्या दिवशी मागच्या बाजूचा प्रश्न सुटतो. पुढच्या बाजूचे प्रश्न त्याच दिवशी सुरू होतात, फक्त ते काही महिन्यांनी दिसतात. म्हणूनच पुढच्या चाकाची खीळ, म्हणजे किंगपिन, वाजायला लागली किंवा टायर एकाच बाजूने खाल्ला गेला की दोष पुढच्या कामाला दिला जातो. मागच्या पाट्यांची आठवण कुणालाच होत नाही.

औराद, कमालनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद, अफझलपूर हा पट्टा तसा पिकपचाच म्हणायला हवा. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. राज्ये बदलली तरी बाजाराच्या वाटा फारशा बदलल्या नाहीत. भालकीच्या आडतीसमोर केए-३८ आणि केए-३९ क्रमांकांच्या गाड्यांसोबत लातूरची एमएच-२४ आणि धाराशिवची एमएच-२५ उभी दिसते. गॅरेजमध्ये एकाच गाडीखाली मराठी, कानडी आणि दखनी चालते, नि पाटा, बुश, शॅकल, यू-बोल्ट हे शब्द तिन्हींत तेच राहतात. हैदराबाद, सोलापूर, नांदेड ही सगळी ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्याजोगी. बिदरहून हैदराबाद तर जेमतेम १४० किलोमीटर. इतक्या पल्ल्यासाठी दहा चाकी ट्रक कोण करणार? वाटेतल्या जहीराबादला तर महिंद्राचा कारखानाच आहे, तिथे ट्रॅक्टर आणि ‘जीतो’ ही छोटी मालगाडी तयार होते.

परदेशी मासिकांत उंच केलेल्या पिकपचे फोटो येतात ते हौसेचे असतात. अमेरिकेत तर गाडीचे नाक वर आणि शेपूट खाली ठेवण्याची अशी टूम निघाली की उत्तर कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून त्यावर बंदीच आणली. पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त उंच होईल असा बदल तिथे चालत नाही. बिदर-कलबुर्गीच्या रस्त्यावर चित्र नेमके उलटे. इथे रिकामी पिकप नाक जमिनीकडे आणि शेपूट आकाशाकडे करून धावते, आणि त्यात हौस नसते. खेप वाचवायचा हिशेब असतो.

तो हिशेब अगदीच वेडगळ नाही. दोन खेपांचा माल दीड खेपेत गेला तर डिझेल वाचते, दिवस वाचतो. चूक आहे ती पाट्याचे गणित न मांडण्यात. एकाच जाडीचे पाच पाटे असलेल्या कमानीत आणखी दोन घातले तर कडकपणा साधारण चाळीस टक्क्यांनी वाढतो, इथवर ठीक. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी दहा मिलिमीटरचा पाटा टाकला तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. जुन्या ट्रकचा जाड पाटा कापून पिकपला बसवला की कमान भार पेलते खरी, पण रिकाम्या गाडीत ती वाकतच नाही. खड्ड्याचा दणका गिळणे हे कमानीचे अर्धे काम, आणि तेच बंद पडते. मागून उडालेली गाडी पुढच्या चाकांवर आपटते. सोलापूरला माल उतरवून रिकामी परतताना हे शंभर किलोमीटर चालते.

पुढच्या बाजूला खरे नुकसान होते ते कोनाचे. टाटा एस (२००५) किंवा अशोक लेलँड दोस्त (२०११) अशा बहुतेक छोट्या मालगाड्यांना पुढेही सरळ दांड्यासारखा अखंड एक्सल आणि पाटे असतात. एक्सलच्या दोन टोकांना उभी बसवलेली जाड खीळ म्हणजे किंगपिन, आणि तिच्याभोवती चाक डावीउजवीकडे वळते. ही खीळ अगदी उभी नसते. तिचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असते. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो तसाच हा प्रकार. या तिरकेपणाला कॅस्टर म्हणतात. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होते, हात सैल सोडला तरी गाडी सरळ रेषेत राहते, ही कॅस्टरची करामत. मालवाहू गाडीत तो दोन-तीन अंशांचाच असतो.

आता मागची बाजू तीन इंच उचला. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर तीन मीटर धरले तर सगळी चेसिस जवळपास दीड अंशाने पुढे झुकते. चेसिसबरोबर पाटे झुकतात, पाट्यांबरोबर एक्सल आणि एक्सलबरोबर किंगपिन. अडीच अंशांच्या कॅस्टरमधून दीड अंश गेला तर उरतो एक. पुढच्या एकाही नटला पाना न लावता पुढची भूमिती निम्म्याहून जास्त बिघडली! भरलेल्या गाडीत मागची बाजू दबते आणि कॅस्टर परत येतो. म्हणून चालक शपथेवर सांगतो की लोड असताना गाडी लोण्यासारखी चालते, रिकामी असतानाच भटकते. तो खरेच सांगत असतो. पण रिकामी गाडी सरळ ठेवायला तो स्टेअरिंगला सतत बारीक झटके देतो, आणि टाय रॉडची टोके, ड्रॅग लिंक, स्टेअरिंग बॉक्स यांना ते झटके दिवसभर खावे लागतात. साठच्या पुढे चाके थरथरायला लागली की त्या थरथरीने किंगपिनचे बुश आणखी सैल होतात, आणि सैल बुशामुळे थरथर वाढते. हे चक्र आपण होऊन थांबत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती गॅरेजमध्येही क्वचितच बोलली जाते. अनेक पिकपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की चेसिस खाली येते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळते की मागे वजन आहे, आणि तो मागच्या ब्रेकला पूर्ण दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाके जाम होऊन घसरतील. पाटे वाढवून गाडी उचलली आणि ही दांडी नव्याने जुळवली नाही, तर भरलेल्या गाडीतही व्हॉल्व्हला ती अर्धी रिकामीच वाटते. दोन टन फरशी घेऊन उतारावर ब्रेक दाबला तर मागचे ब्रेक जेवढ्यास तेवढे काम करतात आणि थांबवण्याचा बहुतेक भार पुढच्या ब्रेकवर, पुढच्या पाट्यांवर आणि एक्सलवर येतो. पुढचे पॅड लवकर संपतात ही तक्रार मग कुणी पॅडच्या कंपनीच्या नावाने करतो, कुणी चालकाच्या पायाच्या नावाने.

पुढची बाजू दबलेली दिसते म्हणून काहीजण पुढेही एक पाटा वाढवतात. हा उपाय समतोलाचा वाटतो, पण पुढे तो मागच्यापेक्षा महाग पडतो. स्टेअरिंग बॉक्स चेसिसला असतो आणि चाके एक्सलला. दोघांना जोडणारी ड्रॅग लिंक शक्यतो आडवी राहावी अशी कारखान्यात मांडणी असते. चेसिस वर गेली की ती तिरकी होते. मग खड्ड्यात एक्सल वरखाली झाला की प्रत्येक वेळी दांडी चाकाला थोडे ओढते किंवा ढकलते. चालकाने स्टेअरिंग घट्ट धरलेले आणि चाक मात्र आपल्या मनाने वळते. जुनेच यू-बोल्ट वापरले तर वाढलेल्या जाडीला आटे कमी पडतात, सैल यू-बोल्टखाली पाटे सरकतात आणि मधला सेंटर बोल्ट कापला जातो. तो तुटला की एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. पुढच्या पाट्याखाली लोखंडी ठोकळा ठेवून उंची वाढवणे तर सरळ जिवाशी खेळ आहे, कारण ब्रेक लावताना तो ठोकळा पिळला जातो.

रस्त्यांचा वाटा इथे मोठा आहे. औराद-भालकीकडची आणि भीमेकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. त्यातली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती थरांमध्ये पाणी शोषते, म्हणून हे घडते. तिच्यावर केलेला रस्ता दरवर्षी उचलला आणि खचला जातो, कडा तुटतात, लाटा पडतात. बिदर शहराभोवतीचे पठार मात्र जांभ्या दगडाचे, तिथला लाल मुरूम बराच शहाण्यासारखा वागतो. बिदर सोडून हुमनाबाद, कलबुर्गी, जेवर्गी असा ५० क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरला की फरक बुडाला कळतो. आतल्या रस्त्यांना लागले की जास्तच कळतो.

गंमत अशी की हे रस्ते पिकपने मोडलेले नसतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवून एक प्रसिद्ध चाचणी झाली. तिच्यातून नियम निघाला की रस्त्याचे नुकसान एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. दोन टनांच्या एक्सलपेक्षा दहा टनांचा एक्सल पाचपट जड, पण रस्त्याचे नुकसान सहाशेपटीहून जास्त करतो. सेडम-वाडीकडचे सिमेंटचे ट्रक आणि हंगामातली उसाची वाहतूक खड्डे पाडते, आणि त्या खड्ड्यांत एक्सल झिजतो तो पिकपचा.

खड्ड्यांच्या जोडीला गतिरोधक. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे २५ किलोमीटर वेगाने गाडी सुखाने ओलांडते. गावोगावी दिसतो तो हात-दीड हात रुंदीचा डांबराचा उंचवटा, बहुधा एखाद्या अपघातानंतर लोकांनीच करून घेतलेला. लोकांची भीती रास्त आहे, यात वाद नाही. पण असा उंचवटा चाकाला चढू देत नाही, ठोसा देतो. कडक पाट्यांची गाडी तो ठोसा जसाच्या तसा हबच्या बेअरिंगला आणि किंगपिनला पोहोचवते.

बेअरिंगचे तर पक्के सूत्र आहे. पुढच्या चाकांत असतात तशा टेपर रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या ३.३३ घाताच्या उलट प्रमाणात घटते. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्यावर येते. दीडपट झाला की चौथ्या हिश्श्यावर. आणि हे स्वच्छ ग्रीसमध्ये फिरणाऱ्या बेअरिंगचे गणित आहे. पावसाळ्यात मांजरा किंवा कारंजा नदीचे पाणी पुलावर आले आणि गाडी चाकभर पाण्यातून काढली, तर तापलेला हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते. त्यात फरशीची भुकटी मिसळली की बेअरिंगमध्ये घासकाम सुरू झाले म्हणून समजावे.

एक्सलचा दांडा आणि त्याची टोके वेगळ्या रोगाने जातात. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेचे इंजिन एक्सल तुटल्याने घसरले आणि आगीत पन्नासहून अधिक माणसे गेली. चांगला, जाड, लोखंडी एक्सल एरवी पेललेल्या वजनाखालीच कसा तुटतो, हे कोडे त्यानंतर अभियंत्यांना बरीच वर्षे छळत राहिले. प्रशियातल्या रेल्वेचे अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी एक्सल लाखो वेळा वाकवून पाहिले आणि दाखवून दिले की धातू एका मोठ्या भाराने मोडतो तसाच लहान भाराच्या असंख्य फेऱ्यांनीही मोडतो. भार थोडा वाढवला तर सोसता येणाऱ्या फेऱ्या कित्येक पटींनी कमी होतात. तडा कुठल्यातरी खाचेत, गंजात किंवा वेल्डिंगच्या कडेला जन्मतो आणि गुपचूप वाढतो. वाकलेला एक्सल भट्टीत तापवून सरळ करणे किंवा तडकलेला पाटा वेल्डिंगने जोडणे म्हणजे अशा तड्याला नवे घर बांधून देणे. कमानीचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे असते. ते ठरावीक तापमानाला लाल करून तेलात बुडवावे लागते आणि मग पुन्हा मापाने तापवावे लागते. रस्त्याकडेच्या भट्टीत नुसते लाल करून ठोकलेला पाटा दिसतो कमानदार, पण दोन महिन्यांत बसतो, नाहीतर तुटतो.

हौसेच्या उंच गाड्याही आता या शहरांत दिसतात. त्यांचे दुखणे निराळे. २०१० मध्ये आलेल्या थारला पुढे दोन्ही चाके स्वतंत्र हलणारी रचना आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार होता, म्हणजे पिळला जाणारा पोलादी दांडा. त्याचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर येते, एक रुपयाचा सुटा भाग न घेता! दांड्याचा कडकपणा काही वाढत नाही. बदलते ती चाकाची जागा. चाक आधीच खाली लोंबकळल्यासारखे राहते, खड्ड्यात आणखी खाली जायला वाव उरत नाही आणि वरचा आर्म आपल्या थांब्यावर टकटक आपटतो. फोर बाय फोर असेल तर पुढच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट तिरके होतात. त्यांच्या टोकांचे सीव्ही जॉइंट हे अमेरिकी अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केलेल्या रचनेचे वंशज. कोन कितीही असला तरी ते वेग एकसारखा पोहोचवतात, पण कोन वाढला की आतल्या गोळ्या जास्त घासतात, तापतात, आणि बाहेरच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ आत. बॉल जॉइंटही कायम एका कुशीवर पडून झिजतात. २०२० ची नवी थार किंवा इसुझूची व्ही-क्रॉस यांना पुढे कॉइल स्प्रिंग आहे. तिथे स्प्रिंगखाली जाड वॉशर घालून उंची काढतात. कोनांचा हिशेब मात्र तोच.

त्यात रुंद टायर आणि बाहेर आलेले रिम बसवले की चाकाची मधली रेषा बेअरिंगपासून दूर जाते आणि तेवढेच वजन बेअरिंगला जास्त तरफेने वाकवते. खरे सांगायचे तर डोंगरात न जाणाऱ्या गाडीला एवढी उंची घेऊन देण्यात मिस्त्रीचा फायदा सोडून दुसरा फायदा शोधणे कठीण आहे.

झीज ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. एक्सलखाली जॅक लावून चाक उचलायचे. वर आणि खाली हात धरून चाक हलवायचे. खटखट जाणवली तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा? दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. हालचाल बंद झाली तर बेअरिंग सैल आहे, तशीच राहिली तर किंगपिन. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ दिसला तर बहुधा टाय रॉडची टोके. किंगपिनला ग्रीस मारतानाही एक्सल जॅकवर हवा. गाडीचे वजन चाकावर असले की खालच्या थ्रस्ट बेअरिंगच्या चकत्या दाबलेल्या राहतात आणि पंपाने कितीही मारा केला तरी ग्रीस बाजूने बाहेर येते, हव्या त्या जागी जात नाही. घाईत हे होत नाही, आणि गाडीला ग्रीस मारले आहे असे वहीत लिहिले जाते.

टायरही बोलतो. दोन्ही चाकांची तोंडे पुढून किती जवळ किंवा लांब आहेत त्याला टो म्हणतात. एखाद्या गतिरोधकावर टाय रॉड किंचित वाकला आणि टो एकूण सहा मिलिमीटरने बिघडला, तर पाऊण मीटरच्या आतबाहेर व्यास असलेला प्रत्येक पुढचा टायर दर किलोमीटरला चार मीटर आडवा घासत जातो. बिदर ते हैदराबाद एवढ्या एका खेपेत अर्ध्या किलोमीटरहून जास्त. रबराच्या कडा एका दिशेने हात फिरवताना मऊ आणि उलट दिशेने करवतीसारख्या लागतात ते यामुळेच. टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर संपला आहे किंवा काहीतरी सैल आहे. अशा वेळी नुसते चाकांचे अलाइनमेंट करून घेणे म्हणजे पैसे टाकणे. आधी सैलपणा काढायचा, मग अलाइनमेंट.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी पुस्तकातल्या निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. जादा मालाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. तरीही नाक्यावर अडवले जाते ते डोळ्याला भरलेले दिसणारे वाहन. कडब्याची गाडी थांबते आणि सहा थर फरशीची पुढे निघून जाते.

ज्यांना जड मालच न्यायचा आहे त्यांच्यापुढे पर्याय आहेत. क्षमतेचा वरचा प्रकार घेणे, बसलेली कमान चांगल्या कारखान्यात पुन्हा मूळ मापाला आणून घेणे, फरशी हौद्यात मागच्या फाळक्याशी न रचता मागच्या एक्सलच्या पुढे रचणे. शेवटच्याला तर काहीच खर्च नाही. दीड टन माल एक्सलच्या फूटभर मागे पडला तर पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत पुढच्या चाकांवरून दीडशे किलो भार उचलला जातो, स्टेअरिंग हलके लागते आणि ब्रेक लावताना पुढची पकड सुटते. मापात वाढवलेला पाटा असेलच तर ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी त्याच दिवशी जुळवून घ्यावी.

मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. केंद्राने २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. त्यात चाक किती आडवे घसरते हे मोजणारी पट्टी आणि पुढची चाके ओढून-ढकलून सांध्यांतला खेळ दाखवणारी यंत्रे आहेत. पट्टीवरचा आकडा मीटर प्रति किलोमीटरमध्येच येतो. रोज फरशी ओढणाऱ्या पिकपच्या किंगपिनसाठी मात्र वर्षाचे अंतर फारच लांब पडते. तिला दर महिन्याला, चाक जॅकवर घेऊन, हाताने हलवून पाहावे लागते.